पट्टी काढायची राहिली

रंगमंचामागच्या खोलीत स्क्रूंची वाटी, स्क्रूड्रायव्हर आणि पितळी पट्ट्यांचा डबा मांडून बारीकराव बसले होते. माणूस चांगला ऐसपैस. नाव पडलं होतं ते बारीक अक्षर कोरण्यावरून. जगभरातल्या टीव्ही कार्यक्रमांना आज इथे बक्षिसं मिळत होती. निकाल फुटू नये म्हणून प्रत्येक गटातल्या पाचही कार्यक्रमांच्या पट्ट्या बारीकरावांनी आधीच कोरायच्या, आणि विजेता बक्षिसाची कोरी बाहुली घेऊन मंचावरून खाली उतरला, की त्याची पट्टी बाहुलीच्या पायाशी बसवून द्यायची, असा रिवाज होता.

"या वर्षी एक जरी चूक झाली ना," संयोजक मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या, "तर पुढच्या वर्षी मशीनवाला. सांगून ठेवते."

बारीकराव नुसते हसले होते. वडिलांपासूनचं काम, तीस वर्षांत एक वेलांटी इकडची तिकडे झाली नव्हती.

समोरच्या पडद्यावर माहितीपटाचं बक्षीस जाहीर झालं. 'पुलावरचे पहारेकरी'! दूरदेशीच्या एक चिमुकल्या आजीबाई मंचावर गेल्या, त्यांनी बाहुली हातात घेतली, आणि बारीकराव ताडकन उठले. बाहुलीच्या पायाशी पट्टी चमकत होती!

दुपारी भोकं जुळतात का पाहायला त्यांनी एका बाहुलीला हाताला येईल ती पट्टी लावली होती. नेमका तेव्हाच बायकोचा फोन. "कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?" पाव तास वाद झाला, किल्ली कपाटालाच लटकत होती. त्या भरात बारीकरावांनी बाहुली तशीच रांगेत नेऊन ठेवली. पट्टी होती त्याच गटातल्या 'समुद्री घोड्यांचं जग'ची.

"मेलो!" बारीकराव म्हणाले.

मंचावर आजीबाईंनी बाहुलीकडे पाहिलं, त्या दचकल्या, आणि त्यांनी ती घट्ट उराशी धरली. निवेदिकेला गहिवरून आलं. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

आता इथेच येतील, गुपचूप बदलून टाकू, असं म्हणत बारीकराव थांबले. पण आजीबाई आल्याच नाहीत. सोबतच्या दुभाषी मुलीला घेऊन त्या परस्पर दुसऱ्या दाराने सटकल्या. बारीकराव खिशात योग्य पट्टी कोंबून मागे धावले. बाहेर फोटो काढणाऱ्यांच्या घोळक्यात आजीबाई दिसल्या, तेव्हा त्यांनी लांबूनच स्क्रूड्रायव्हर हलवून खूण केली. आजीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या थेट जिन्याकडे वळल्या.

"अहो बाई! थांबा! एकच मिनिट!"

थांबताहेत कसल्या! वय सत्तर, पण चाल हरणाची. तीन मजले चढेपर्यंत बारीकरावांचा भाता झाला. वरच्या बोळाच्या टोकाला खुर्च्यांची अडगळीची खोली होती. तिचं दार त्यांच्या नाकावर बंद झालं.

"कोण आहे?" आतून मुलीचा आवाज आला.

"पट्टीवाला!"

आत कुजबुज झाली. "त्या म्हणतात, देणार नाही."

"काय देणार नाही?"

"बाहुली. नाव त्यांचंच पुकारलंत, आता परत मागणं शोभत नाही म्हणतात. आयुष्यात पहिलंच बक्षीस आहे. सगळं गाव तिकडे टीव्हीसमोर बसलंय. आता कुठल्या तोंडाने घरी जाऊ, म्हणतात."

बारीकरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो, बक्षीस त्यांचंच आहे! चुकीची पट्टी मी लावली, मी! ही घ्या त्यांची." त्यांनी पट्टी दाराखालून आत सरकवली.

पट्टी आत ओढली गेली.

"त्या रडतायत," मुलीने इमानेइतबारे भाषांतर केलं, आणि दार उघडलं.

आजीबाईंनी अंगठा पुढे केला. सगळ्या फोटोंत पट्टी झाकून झाकून तो लालबुंद झाला होता. चूक जगाला दिसू नये म्हणून बारीकराव जेवढे धडपडले होते, तेवढ्याच आजीबाईही. दोघं एकमेकांकडे बघून पोट धरून हसले. बारीकराव जमिनीवर फतकल मारून बसले आणि त्यांनी पट्टी बदलायला घेतली. तिसरा स्क्रू बसतो न बसतो तोच दारात मॅडम!

"बारीकराव? इथे काय करताय?"

बारीकरावांनी काढलेली पट्टी झटकन मुठीत दडवली. आजीबाई मात्र घडाघडा बोलल्या.

"त्या म्हणतात," मुलगी म्हणाली, "मीच चुकून वर आले. हे बिचारे तीन मजले चढून पट्टी बसवायला आले. असं कुठे पाहिलं नाही."

मॅडम विरघळल्या. "मशीन चढलं असतं का जिने?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "राहू दे तो मशीनवाला. पुढच्या वर्षीही तुम्हीच या." आणि त्या खाली गेल्या.

बारीकरावांनी असा श्वास सोडला, की खोलीतली धूळ उडाली. सुटलो रे बाबा!

आजीबाई जवळ सरकून हळूच काहीतरी म्हणाल्या. मुलगी जरा घुटमळली.

"त्या म्हणतात, तुमच्यापाशी म्हणून सांगते. तो समुद्री घोड्यांचा कार्यक्रम मी पाहिलाय. खरं तर तोच जास्त चांगला आहे."

बारीकरावांनी दाराकडे एकदा नजर टाकली आणि चौथा स्क्रू बसवून तो आणखी दोन वेढे आवळला.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "आता ही निघायची नाही."