तोंडावर बोट

शाळा पारखावी तर मीच! सगळा जन्म फळ्यासमोर उभा राहून काढलाय. फाटकातून पाऊल टाकलं, की मुलांच्या गलक्यावरूनच मला शाळेची तब्येत कळते. डॉक्टर नाडी बघतात ना, तसं! म्हणून नव्या शहरात बिऱ्हाड हलवल्यावर नातीच्या शाळेचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

या नातीला घरात सगळे रेडिओ म्हणतात. फरक एवढाच, की रेडिओ बंद करता येतो. जुन्या मैत्रिणी सुटल्या आणि पोरीला बोलायला कोणी उरलं नाही. परवा ती फ्रिजला गोष्ट सांगताना दिसली. फ्रिज गुरगुरला, तर त्याला म्हणते, "मध्ये बोलू नकोस!" माझ्या काळजात चर्र झालं.

सूनबाई लहानपणी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. तिनं पलीकडच्या रस्त्यावरची कॅथलिक शाळा हेरून ठेवली होती.

"बाबा, तिथल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, वर्ग भरलेत. तरी समक्ष भेटून बघा. इथं नाही जमलं तर हिचं वर्ष घरात जाईल."

"अगं, मी बोलतो ना त्यांच्याशी!"

"तेच तर! फार बोलू नका."

सुनेचा सल्ला मी आयुष्यात एकदाच ऐकला. तो हा दिवस!

फाटकाशी शिपाईमामांनी आम्हाला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि हसून आत जायची खूण केली. आत पटांगण मुलांनी भरलेलं, पण आवाज शून्य! एक मुलगा धाडकन पडला, गुडघा चोळत उठला, पण हूं नाही की चूं नाही. एक सिस्टर हातवारे करत रांगा लावत होत्या. माझी नाडीपरीक्षा तिथंच बंद पडली. नाडीच लागेना!

"आजोबा, इथं सगळे मुके आहेत?" रेडिओ खणखणीत आवाजात म्हणाली. सगळं पटांगण वळून बघायला लागलं.

"श्श! असतील बिचारे," मी कुजबुजलो. "त्यांच्यासमोर बोलून दाखवणं बरं नव्हे. हातांनी बोलायचं."

ऑफिसात मोठ्या सिस्टर होत्या. मी नमस्कार केला, नातीकडे बोट दाखवलं, तिसरीसाठी तीन बोटं वर केली, हवेतच पुस्तक उघडून वाचलं आणि शेवटी हात जोडले. सिस्टरांनी दार लावून घेतलं आणि चक्क बोलल्या! पण कशा? ओठ ताणून ताणून, एकेक अक्षर चिमट्यानं काढल्यासारख्या!

"घ...री... हि...च्या...शी... को...ण... बो...ल...तं?"

बाई इतक्या कष्टानं बोलताहेत आणि मी घडाघडा उत्तर द्यायचं? शोभलं नसतं. मी छातीवर हात ठेवला, म्हणजे मी आहे हो. मग हात हलवला, म्हणजे पण बरोबरीचं कोणी नाही. सिस्टरांचे डोळे भरून आले. ते बघून माझेही! आम्ही दोघं एकमेकांची कीव करत बसलो.

"सो...म...वा...री... आ...णा!"

रेडिओनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी तिला बाहेर ओढलं.

घरी ऐकून सूनबाईनं कपाळावर हात मारला. "अहो बाबा, आज त्यांचा मौनाचा दिवस! प्रार्थनेसाठी वर्षातून एकदा पाळतात, आमच्याही शाळेत असायचा."

"मग मोठ्या सिस्टर अडखळत का होत्या?"

"तुम्ही मुके-बहिरे वाटलात, ओठ वाचता यावेत म्हणून! तरीच भरल्या वर्गात जागा निघाली!"

खरं सांगावं, तर जागा जाणार. न सांगावं, तर मी जन्माचा मुका!

"तुम्हाला नाही जमणार, आजोबा," रेडिओ गंभीरपणे म्हणाली. "फ्रिज तरी अधूनमधून गप्प बसतो."

सोमवारी खरं सांगायचं ठरवूनच गेलो. पटांगणात नुसता मासळीबाजार! शाळेची तब्येत ठणठणीत होती हो! तेवढ्यात घंटा झाली, मुलं प्रार्थनेला उभी राहिली आणि मोठ्या सिस्टर माइकवर म्हणाल्या, "आज आपल्या नव्या मैत्रिणीच्या आजोबांसाठी प्रार्थना करू या. त्यांना वाचा मिळो."

सगळ्यांनी डोळे मिटले. एवढे चिमुकले हात जोडलेले बघून मला राहवेना.

"अहो सिस्टर, थांबा! मला बोलता येतं!"

सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. मग एका वृद्ध सिस्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "चमत्कार!" शिपाईमामांनी घंटा बडवायला घेतली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"तसं नाही हो, मी आधीपासूनच..."

"किती स्पष्ट उच्चार!"

"अहो, मी मास्तर होतो! जन्मभर बोलतच..."

"आठवणसुद्धा परत आली!"

शेवटी रेडिओनं माइक गाठला. "आजोबा आधीपासूनच बोलतात. थांबतच नाहीत! आम्हाला वाटलं, मुके तुम्हीच आहात."

पटांगण खदाखदा हसलं. माझा जीव मात्र टांगणीला. गेली जागा!

मोठ्या सिस्टरांनी हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. "हिला बोलायला माणसं हवीत म्हणून जागा दिली होती. ती तर अजूनही हवीतच ना?"

दोन वेण्यांच्या एका मुलीनं रेडिओचा हात धरून तिला रांगेत ओढलं. दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या. ऐकत कोणीच नव्हतं!

मी आभार मानायला लागलो. सगळं पहिल्यापासून नीट समजावून सांगितलं. सवयच ती! संपलं, तेव्हा पहिला तास उलटून गेला होता.

तेव्हापासून शाळेचा मौनाचा दिवस वर्षातून एकदा, आणि माझा रोज! मी फाटकाशी दिसलो रे दिसलो, की शिपाईमामा ओठांवर बोट ठेवतात.