बेळगावचा रकाना

काजूगराचं साल काढताना शंभरातले अकरा गर फुटतात. हा आकडा मी सहा महिने मोजून काढलाय. सोमवारी तो सव्वीसवर गेला! सोलणाऱ्या बायकांचं लक्ष उडालं होतं, आणि त्याला कारण होता माझा तक्ता.

राजापूरजवळ माझ्या मामाचा, म्हणजे सखारामशेटचा, काजूचा कारखाना आहे. रसायनशास्त्र शिकून मी तिथे मालाची प्रत तपासते. विजेचं बिल आलं की मामा नऊ वर्षं एकच गर्जना करतो, "कारखाना बेळगावला हलवतो!" नवं उद्योगधोरण ठरवण्याआधी सरकारी अधिकारी कारखानदारांना भेटणार, असं कळताच तो म्हणाला, "नमू, दोन्ही राज्यांचे खर्च शेजारी शेजारी मांड. साहेबांना घाम फुटला पाहिजे! मग बघ, विजेत सवलत देतात की नाही!"

माझ्या तक्त्यात चूक निघणं शक्यच नव्हतं! बेळगावचे काजू कारखानदार हलगेकरशेट यांना फोन केला, आम्ही तिकडे यायचं म्हणतोय असं सांगितलं आणि एकेक दर विचारला. त्यांनी आमचे विचारले. मी तेही दशांशासकट सांगितले.

सोमवारी मामाने तक्ता चादरीएवढा छापून फाटकावर लावला आणि खाली खडूने लिहिलं, 'चाललो!' बायकांनी तो वाचला.

मंगळवारी अधिकारी आले. पाठोपाठ आणखी एक गाडी. हलगेकरशेट उतरले, हातात मोजपट्टी!

"तुम्ही चाललाय न्हवं? शेड मी घेतो की! पाणी, जागा, सगळं स्वस्त हितं!"

पाणी आमच्याकडेच स्वस्त निघालं, म्हणून तो रकाना मामानेच मला खोडायला लावला होता.

साहेबांनी पेन मिटलं. "बेळगावचे लोक आहे त्याच दरात इथे यायला तयार आहेत. मग सवलत कशाला?"

"साहेब, ते नुसतं..." मामा अडखळला. "नुसतं बोलणं होतं" म्हणावं तर सवलत बुडते, "जातो" म्हणावं तर शेड जाते!

हलगेकरशेट पट्टी ताणत दारापर्यंत पोचले. तिथे यमुनाबाई उभ्या होत्या. वीस वर्षं गर सोलतायत. त्यांनी पट्टीवर पाय दिला.

"शेटनू, तीस बायका हाव आमी. जाताव की ऱ्हाताव? साहेबासमोर सांगा!"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं. या प्रश्नाला त्यात रकाना नव्हता.

"सवलत गेली खड्ड्यात!" मामा ओरडला. "मी कुठेही जात नाही!"