हणमंत सुभेदारांची वेबसाइट

हणमंत सुभेदार आधी भांडत आणि मग नमस्कार करत. सांगलीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा दारातूनच गरजले, "जबाबदार मानूस कोन हाय हितं?"

मी घाबरत हात वर केला.

"मग नमस्कार," म्हणाले आणि बसले.

फौजेतून निवृत्त होऊन ते आष्ट्याला द्राक्षांची रोपवाटिका चालवत. एसटी उशिरा आली की कंडक्टरला, चहात साखर जास्त पडली की हॉटेलवाल्याला आणि एकदा भर मांडवात, अक्षता मुहूर्ताआधी पडल्या म्हणून भटजींना त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. जबाबदार माणूस सापडला की त्याला झापायचे. नाही सापडला, तर जवळ उभा असेल त्याला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे निम्म्या लोकांनी वेबसाइट हा शब्द ऐकला नव्हता. सुभेदारांची मात्र स्वतःची होती. पुण्याच्या एका ओळखीच्या इंजिनियरनं करून दिलेली. आणि ती एकाएकी दिसेनाशी झाली होती.

"इंजिनियरला विचारलंत?"

"त्योबी दिसंना झालाय. अमेरिकेला गेला म्हनं. मास्तर, माझ्या वेबसाइटचं नाव कुनाच्या ताब्यात हाय, तेवढं हुडका."

मी समजावलं, की वेबसाइटच्या नावाची नोंद एखाद्या कंपनीकडे असते, मुदत संपली की नाव बंद पडतं. कंपनी कोणती, ते इंटरनेटवरच बघता येतं. मोडेम किंचाळू लागला. लाइन चारदा तुटली. तीन वेळा सुभेदारांनी फोनला शिव्या घातल्या, चौथ्यांदा मला. अखेर माहिती उघडली. नोंद अमेरिकेतल्या एका कंपनीकडे होती आणि मालक म्हणून नाव होतं त्या इंजिनियरचं. मुदतीच्या सूचनाही त्याच्याच जुन्या ईमेलवर जात होत्या.

सुभेदार ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

"रोपं माझी, बाग माझी, आन् सातबारा ह्याच्या नावावर?"

त्यांनी मला तिथल्या तिथे त्या कंपनीला पत्र लिहायला बसवलं. ते मराठीतून ओरडत होते आणि मी इंग्रजीतून सभ्यपणे लिहीत होतो.

"लाज वाटत न्हाई का म्हनून लिवलं?"

"लिहिलं," मी खोटं बोललो.

रोपवाटिकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी फॅक्स गेला. पुढे दोन महिने दर सोमवारी ते येऊन माझ्यावर खेकसत. एकदा माझंही डोकं फिरलं. "अहो सुभेदार, रोपं न्यायला कोण शेतकरी वेबसाइट बघतो? कशाला माझा जीव काढताय?"

पहिल्यांदाच ते न खेकसता उठून गेले.

शेवटी कंपनीनं नाव त्यांच्याकडे दिलं. पान पुन्हा चढवण्यासाठी त्यांनी फ्लॉपी आणली. मी फाइल उघडली. वर द्राक्षांचे फोटो, इंग्रजीत रोपांच्या जाती. तळाला मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत मराठी ओळी होत्या : 'घरचा फोन नंबर बदललाय. नवा वर दिलाय. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता चांगलं दिसतं. तांबडी गाय व्याली.'

"हे कुणासाठी?"

सुभेदार खिडकीबाहेर बघत राहिले.

"थोरल्या लेकीसाठी. तिनं मनानं लगीन केलं. मीच म्हनलं, परत उंबऱ्यात पाय ठिवू नगंस. कॅनडात असती आता. तिकडं समदी कॉम्प्युटरवर बघत्यात. गावाचं नाव घालून हुडकलं तर कवातरी दिसंल तिला."

"पत्ता नाही तिचा?"

"हाय की, तिच्या मैत्रिणीकडं. पर मी जाऊन मागायचा व्हय?"

मी कीबोर्डवर हात ठेवला. "नवी ओळ घालायची?"

सुभेदारांनी खुर्ची पुढे ओढली.

"लिवा. तुझ्या अण्णांचा राग गेला."

मी टाइप केलं. त्यांनी वाकून वाचलं आणि मान हलवली.

"खोडा ते. तिला पटायचं न्हाई." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला. "लिवा, कमी झालाय."