दोन हाडं, पाच मानकरी

मी स्वतःला सुधारायचं ठरवलं ही चूक नव्हती. लेकीच्या लग्नाची तारीख ठरायची होती, नेमक्या त्याच आठवड्यात ठरवलं, ही चूक.

त्याचं झालं असं की आमच्या वीजबिलांच्या ऑफिसात राजधानीहून, बिश्केकहून, एक बाई आल्या आणि त्यांनी आम्हा अकरा कारकुनांना दोन दिवस 'स्वतःला कसं सुधारावं' हे शिकवलं. नियम तीनच होते. आपल्या चुका आपणच जाऊन लोकांना विचारायच्या. लोक सांगत असताना आपली बाजू मांडायची नाही, फक्त 'धन्यवाद, मी विचार करतो' एवढंच म्हणायचं. आणि प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या जागी बसून बघायची. शेवटी सर्टिफिकेट मिळालं. बाकीच्या दहा जणांनी ते टेबलाच्या खणात टाकलं. मी घरी आणून टीव्हीच्या वर लावलं. (मला पन्नास वर्षांत मिळालेलं हे दुसरं सर्टिफिकेट. पहिलं देवीची लस टोचल्याचं.)

सुरुवात घरापासून करायची म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. माझी बायको अनारकुल बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळत होती. शनिवारी लेकीच्या, मेरिमच्या, होणाऱ्या सासरची माणसं त्यूप गावाहून येणार, तर मंगळवारपासून आमच्या घरात तळणीचा वास होता.

"अनारकुल," मी म्हणालो, "माझं काय चुकतं ते सांग. मी मधे काही बोलणार नाही."

तिने झारा कढईतच ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरकडे जाऊन आलात का?"

"नाही. सुधारतोय."

"मग बसा," ती म्हणाली.

मी वही घेऊन बसलो. बोरसोकचे चार घाणे होईपर्यंत माझ्या तेवीस चुका लिहून झाल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा ओल्या टॉवेलबद्दल होत्या, त्या मी इथे सांगत नाही. पण सोळावी चूक महत्त्वाची.

"तुम्ही कुणाला काही विचारत नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी मोठ्या टोपीच्यांना खांद्याचं हाड वाढलंत. दोन वर्षं झाली, त्यांनी आपला उंबरा ओलांडलेला नाही. जरा त्यांच्या बाजूने बघायचं होतं."

मोठ्या टोपीचे म्हणजे माझे कलिचबेक काका. (सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव ती घेत नाही. अठ्ठावीस वर्षांत तिने माझ्या घराण्याला इतकी टोपणनावं ठेवली आहेत की पाहुण्यांची यादी करताना खरी नावं आठवेनात.) आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. मेंढीचं प्रत्येक हाड कुणाचं हे ठरलेलं असतं. खुब्याचं हाड, जांबाश, हा सगळ्यात मोठा मान. ते सगळ्यात मानाच्या माणसापुढेच जायचं. पंच्याहत्तरीच्या काकांपुढे मी खांदा ठेवला होता, जो पोराटोरांना देतात. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, हात पुसले, आपली उंच कल्पाक टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेले.

या शनिवारी असं काही होऊन चालणार नव्हतं. आमचा होणारा जावई एल्दियार ऑक्टोबरात कोरियाला नोकरीला निघणार, तो दोन वर्षांनीच परतणार. सप्टेंबरात लग्न झालं तर मेरिम त्याच्याबरोबर जाणार. तारीख शनिवारीच ठरायला हवी होती. मेरिम काही बोलत नव्हती, पण तिने कोरियन भाषेचं पुस्तक आणलं होतं आणि पीठ मळताना ती आकडे म्हणत होती.

तेव्हा मी ठरवलं, या खेपेला आधी सगळ्यांना विचारायचं.

पहिला फोन काकांना.

"काका, तुमच्या दृष्टीने माझं काय चुकतं?"

पलीकडून आवाज आला, "खांदा."

"धन्यवाद, काका. मी विचार करतो."

"यात विचार कसला करायचा? मी तुझ्या बापाहून सहा वर्षांनी मोठा. जांबाश माझं."

"धन्यवाद," मी म्हणालो. "मी विचार करतो."

इथेच घोळ झाला. आमच्याकडे वडील माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत आणि जो नाही म्हणत नाही तो हो म्हणाला असंच धरतात. संध्याकाळच्या आत काकांनी गल्लीभर सांगितलं की पुतण्या सामात सुधारला, शनिवारी जांबाश देतोय.

दुसरा फोन अनारकुलच्या थोरल्या भावाला, ओमुरझाकला. तो म्हणाला, "चुका नंतर सांगतो, यादी मोठी आहे. आधी हे सांग, मुलीच्या लग्नात मामाचा मान पहिला की नाही?" नियमाप्रमाणे मी त्याच्या जागी बसून बघितलं. तिथून बघितलं तर मामाचा मान खरंच पहिला दिसत होता. धन्यवाद म्हणालो.

तिसरे आमचे शेजारी, सातिबाल्दी मास्तर. मुहूर्ताचा आशीर्वाद तेच देणार होते. ते म्हणाले, "मी काही मागत नाही. पण आशीर्वाद देणाऱ्यापुढे बरगडी ठेवलेली मी अजून बघितलेली नाही." त्यांनाही धन्यवाद.

मग मी जो फोन कुणीही शहाण्या माणसाने केला नसता तो केला. व्याही बायिशना विचारलं की तुमच्या मंडळींत कुणाला काय वाढू.

"आमच्या असानबायदादांचं तेवढं बघा," ते म्हणाले. "माझं काही नाही. मला काहीही चालतं."

मी खूश होऊन अनारकुलला सांगितलं. ती भांडी घासत होती, ती थांबली.

"व्याही 'काहीही चालतं' म्हणतो तेव्हा काय चालतं, माहीत आहे ना?"

"काय?"

"जांबाश." तिने बोटांवर मोजलं. "मोठ्या टोपीचे, आमचा दादा, मास्तर, व्याही आणि व्याह्यांचे दादा. पाच झाले. मेंढीला जांबाश किती असतात?"

"दोन."

"मग आता मेंढीला फोन करा," ती म्हणाली.

बुधवार ते शुक्रवार मला अन्न गोड लागलं नाही. दुसरी मेंढी कापावी म्हटलं, तर अनारकुल म्हणाली की चार जांबाश झाले तरी पाचवा माणूस उरतोच, आणि मग एकट्याचाच अपमान होतो, तो जास्त लागतो. एखाद्याला फोन करून शब्द मागे घ्यावा, तर कुणाला? मी रोज एकेकाच्या जागी बसून बघत होतो. पाचही जागांवरून पाचही जण बरोबर दिसत होते, आणि दर वेळी समोर एक गाढव दिसत होतं, ते मी होतो.

शनिवारी दुपारी सगळे जमले. वरच्या बाजूला असानबायदादा आणि काका, मग बायिश व्याही, मास्तर, ओमुरझाक. विहीणबाईंना अनारकुलने आपल्याजवळ बसवलं होतं आणि ती चहा ओतत होती. तिने मला आधी बजावून ठेवलं होतं, "जांबाश व्याह्यांच्या दादांना आणि मोठ्या टोपीच्यांना. बाकीच्यांची समजूत मी काढते. तुम्ही डोकं चालवू नका." सरळ होतं. मी तसंच करणार होतो.

परसातल्या चुलीवर मांस शिजलं होतं. मी एकटाच कढईशी उभा होतो, परातीत दोन जांबाश, आणि खिडकीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"माझा पुतण्या आता सुधारलाय," काका सांगत होते. "आज तुम्ही बघालच."

"सामातने स्वतः फोन केला मला," ओमुरझाक म्हणाला. "म्हणाला, मामाचा मान मामाला."

"मला जेवणाचं काही नसतं," मास्तर म्हणाले, "पण शब्द दिला की माणसाने तो पाळावा."

तीन दिवस जे सुचलं नव्हतं ते त्या क्षणी सुचलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार हुशारीचं वाटलं. दोन जांबाशचे प्रत्येकी तीन तुकडे केले तर सहा होतात. पाच मानकऱ्यांना पाच. कुणीच कमी नाही, कुणीच जास्त नाही. लाकडं फोडायची कुऱ्हाड भिंतीला टेकून होती. मी ती नीट धुतली. (स्वच्छतेबद्दल अनारकुलच्या यादीत सात चुका होत्या.)

आता आमच्यात कुणीही सांगेल, हाड सुरीने सांध्यावर सोडवतात. ते फोडत नाहीत. माझ्या आजोबांनी फोडलं नाही, त्यांच्या आजोबांनी फोडलं नाही. मलाही हे ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला जे ठाऊक असतं ते वेळेवर आठवत नाही.

पहिल्या घावाला आतलं बोलणं थांबलं. दुसऱ्या घावाला अनारकुलची हाक आली, "अहो, काय करताय?" पुढचे घाव मी घाईघाईत घातले.

पाच ताटल्या पाच जणांपुढे ठेवल्या. काकांनी आपला तुकडा उचलून उजेडात धरला.

"हे काय?"

"जांबाश," मी म्हणालो.

"याच्यावरून ट्रक गेला का?"

"नाही काका. मी प्रत्येकाच्या बाजूने बघितलं आणि..."

"कशाने बघितलंस?"

"कुऱ्हाडीने," मी म्हणालो.

असानबायदादांनी तोंडात बोट घालून हाडाची कपची काढली, ताटलीच्या कडेला ठेवली, आणि ते उठले. बायिश व्याही त्यांच्या मागोमाग उठले. दादांनी कल्पाक घातली, दाराशी बसून एक बूट चढवला. मेरिम चहाची किटली घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, दादांच्या दुसऱ्या बुटाकडे बघत होती. त्या क्षणी मला इतकी भीती वाटली की मला माझंच नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या सुधारण्यापायी माझ्या लेकीची दोन वर्षं वाया जाणार होती.

"बसा हो," काका म्हणाले. "यात तुमचा अपमान नाही. याने मला मागे खांदा वाढला होता."

दादांचा हात बुटावर थांबला. "तुम्हाला? खांदा?"

"पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला."

"हे काहीच नाही," ओमुरझाक म्हणाला. "माझ्या बहिणीला मागणी घालायला आला तेव्हा हा आमच्या शेजारच्या घरात जाऊन बसला. तिथे दोन तास जेवला. त्यांना वाटलं गॅस तपासायला आलाय."

"सातवीत होता," मास्तर म्हणाले, "तेव्हा शाळेला आग लागली तर काय कराल असं मी विचारलं. हा म्हणाला, आधी आगीला विचारू ती का आली."

विहीणबाई रुमालाआड हसल्या. असानबायदादा एका पायात बूट घालून तसेच दारात बसले होते. "आमच्या गावातही असा एक आहे," ते हळूच म्हणाले. "त्याने एकदा..." मग ते बूट काढून परत आले, कारण ती गोष्ट मोठी होती.

पुढचा दीड तास माझ्याच घरात माझ्यावर बोलणं चाललं. दोन वर्षं आमच्याकडे पाऊल न टाकलेले काका आणि कधी एकमेकांशी न बोललेले मास्तर नि ओमुरझाक मांडीला मांडी लावून बसले. मधेच मास्तरांनी एक चाळा काढला. सगळ्यांचे तुकडे ताटात गोळा करून ते मूळ जांबाश जुळवायला लागले. दादा म्हणाले, हा तुकडा डावीकडचा. काका म्हणाले, उजवीकडचा, मी जन्मभर जांबाश खाल्लेत. चौघे वाकून बघत होते. एक जांबाश जमलं. दुसऱ्यात एक तुकडा कमी पडला.

"सहावा कुठे आहे?" बायिश व्याह्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"मी कढईशी उभा होतो," मी म्हणालो, "आणि सकाळपासून काही..."

मला पुढे सांगायचं होतं की माझा हेतू वाईट नव्हता, की मी तीन दिवस जेवलो नव्हतो. पण काकांनी ताटातलं मांस मूठभर घेतलं आणि लहान पोरांना भरवतात तसं माझ्या तोंडात कोंबलं. ते गिळतोय तोवर असानबायदादांनी आपली मूठ भरून आणली. नको म्हणता येत नाही, मोठ्यांच्या हातचं असतं. मग मास्तर. मग ओमुरझाक, जो माझ्याहून फक्त चार वर्षांनी मोठा आहे.

माझं तोंड भरलेलं असतानाच तारीख ठरली. सप्टेंबरचा दुसरा शनिवार. मास्तरांनी हात पसरून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मीही फिरवले, चावत चावत. व्याह्यांनी एकच अट घातली: लग्नाच्या दिवशी हाडं ओमुरझाक वाढेल आणि मी परसात जायचं नाही. ही अट काकांनी उचलून धरली आणि अनारकुलने तर ती वहीतच लिहून घेतली.

पाहुण्यांची गाडी गेली. मेरिम ताटल्या गोळा करत होती आणि पुन्हा कोरियन आकडे म्हणत होती, या वेळी जरा मोठ्याने. माझा जीव भांड्यात पडला. मग वाटलं, इतकं झालंच आहे तर तिला विचारून टाकावं.

"व्याही जाताना माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

"म्हणाले ना," ती म्हणाली. "एल्दियारने आत्ताच फोनवर कळवलंय. त्याच्या बाबांना महिनाभर झोप नव्हती. आपला मुलगा थोडा वेंधळा, एवढ्या शिकलेल्या घरात त्याला नावं ठेवतील, अशी भीती वाटत होती त्यांना. म्हणून ते तारीख पुढे ढकलायला आले होते."

"मग?"

"तुम्हाला बघितलं आणि म्हणाले, आता काही काळजी नाही."