चुंबळीखालचे हेल्मेट

परतूरच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या गोदामाचा स्लॅब त्या दिवशी टाकायचा होता, आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीच्या सुरक्षा अधिकारी तृप्ती मॅडम तपासणीला येणार होत्या. मागच्या खेपेस त्यांना मजूर उघड्या डोक्यांनी वावरताना आढळले होते. आता एकही डोके उघडे दिसले तर सुपरवायझर सलीमने घरी बसावे, असे ठेकेदाराने शांतपणे सांगून ठेवले होते.

सलीमने सकाळीच सर्वांना हेल्मेट वाटली. स्लॅबसाठी जादा बोलावलेल्या चांगुणाबाईंना मात्र उरले नाही. क्षणभर विचार करून त्याने स्वतःचे काढले आणि त्यांच्या डोक्यावर बसवले.

अडचण पहिल्याच घमेल्याला आली. बाया डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून तिच्यावर घमेले घेत. हेल्मेटच्या गुळगुळीत पाठीवर चुंबळ ठरेना. त्यांच्यातल्या दैवशालाचा सगळा सिमेंटचा माल सलीमच्या बुटांवर ओतला गेला. घमेली कमरेवर घेऊन पाहिली, तर वरचे मिस्त्री मालाची वाट पाहत बसून राहिले, आणि कालवलेला माल घट्ट होऊ लागला.

"काढून ठिवू का मंग हे?" दैवशालाने विचारले.

"बिलकुल न्हाई. माझी नोकरी जाईन."

तोड अखेर चांगुणाबाईंनी काढली. जुन्या लुगड्याचे फडके हेल्मेटवरून घेऊन त्यांनी हनुवटीखाली करकचून बांधले आणि वर चुंबळ ठेवली. ती हलेना. सगळ्या बायांनी तसेच केले. काम मार्गी लागले.

तृप्ती मॅडम आल्या तेव्हा त्यांना फडकी बांधलेल्या बायांची रांग तेवढी दिसली. त्यांनी मोबाइल काढला.

"सलीमभाई, हेल्मेट कुठंयत?"

"डोक्यावरच हायेत, मॅडम. फडक्याच्या आत."

"दाखवा."

चांगुणाबाई सर्वांत पुढे होत्या; दोन्ही हात भरल्या घमेल्याला लागलेले. "मंग धरा की जरा, सायेब," त्या म्हणाल्या. सलीम धावला. घमेले हातांत पेलेना, म्हणून त्याने ते सरळ डोक्यावर घेतले. चांगुणाबाईंनी चुंबळ काढून गाठ सोडली. आत पिवळेधमक हेल्मेट होते. मागच्या बायांनीही फडक्यांच्या कडा उचलून दाखवल्या.

मॅडमचे समाधान झाले. मोबाइल पर्सकडे जाता जाता मात्र थांबला. साऱ्या आवारात एकच डोके उघडे होते, आणि त्यावरून सिमेंटचे पाणी ओघळत होते. त्यांनी फोटो घेतला.

मग चांगुणाबाईंनी हातातली चुंबळ पुढे केली.

"ही तरी घ्या खाली, सायेब. टोचत असंल."