मातीतल्या माणसाच्या उवा

"हलू नका," म्हणत शालनने नवऱ्याचं डोकं गॅलरीतल्या उन्हाकडे वळवलं आणि चष्मा नीट करून निकाल दिला, "लिखा हायत. बारीक, पांढऱ्या. लई हायत."

सोमशेखरच्या पायाखालची जमीन सरकली. तीन दिवस डोकं खाजत होतं हे खरं. बँकेत एका हाताने पासबुक छापायचं आणि दुसऱ्याने टाळू खाजवायची, असंच चाललं होतं. पण बेचाळिसाव्या वर्षी उवा म्हणजे फारच झालं.

"सृष्टीच्या शाळेतनं आल्या असतील," त्याने लेकीवर ढकलून पाहिलं.

"तिचं डोकं कालच बघितलंय. एकदम साफ हाय. रविवारी हुरड्याला तुमीच गेलता की."

रविवार आठवला आणि त्याला घाम फुटला. रविवारी त्याने सगळ्या ब्रँचला अक्कलकोटजवळच्या आपल्या शेतात नेलं होतं. 'आपण मातीतला माणूस' हे तो बारा वर्षं ब्रँचला ऐकवत आला होता; बिचाऱ्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतंच. त्या दिवशी त्याने ज्वारीची कणसं स्वतः खुडली, टॉवेलात बांधून आणली, आणि तोच टॉवेल मुंडाशासारखा गुंडाळून दिवसभर भाव खाल्ला. पुण्याहून बदलून आलेल्या मॅनेजरसाहेबांनी तर तो मागून घेतला आणि स्वतःच्या डोक्याला बांधून फोटो काढले.

शालनने सीताफळाच्या बियांची पूड त्याच्या डोक्याला चोपडली. तो डोळे गच्च मिटून बसला, मग आंघोळ केली, टॉवेलाने खसाखसा डोकं पुसलं आणि कामावर गेला. खाज पहिल्यापेक्षा वाढली होती. केबिनमध्ये पाहतो तर साहेब पेनाच्या टोपणाने कानामागे खाजवत होते.

सोमशेखर मुळात भला माणूस. त्याला ते बघवेना. आत जाऊन त्याने दार लावलं. "साहेब, तुमच्या डोक्यातल्या उवा माझ्या हायत."

साहेबांनी पेनाचं टोपण घाईने खाली ठेवलं. "मी घरी ॲलर्जी सांगितलीय," ते हळूच म्हणाले. "बाहेर बोलू नका."

बाहेर कोण बोललं कुणास ठाऊक, पण जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यातली शेंगाचटणी कुणी मागितली नाही. रोज तिच्यावर झडप पडायची. ते त्याच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळी त्याने सरळ गोटा करून घेतला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, टॉवेलाने पुसलेला तो गोटाही खाजू लागला, तेव्हा शालनसुद्धा विचारात पडली. "टकलावर कुटं राहत्यात ह्या?"

शनिवारी गावाहून आई आली, मथुराबाई. लेकाचा गोटा पाहून आधी ती हादरली, मग सगळी हकिकत ऐकून घेतली आणि दोरीवरचा टॉवेल ओढून उजेडात झटकला. बारीक धूळ उडाली.

"ह्यात कणसं बांधलीस का रं?"

"व्हय."

"मग झटकला न्हाईस? धुतला न्हाईस?"

"गडबडीत राहिलं."

"आन् रोज त्यानंच डोकं पुसतोस. आरं, कूस हाय ही ज्वारीची, कणसावरची खाजरी. रानातल्या शेंबड्या पोराला बी कळतंय, कुशीचं फडकं डोक्याला लावू नये. तू कुणाचं पोर म्हणायचं?"

सोमशेखरला वाटलं, त्यापेक्षा उवा बऱ्या होत्या. लिखा म्हणून शालनने जी पाहिली तीही कूसच होती, पण तिने तो विषय काढला नाही.

सोमवारी साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर गाठलं. त्यांचा चेहरा खुलला होता. "सोमशेखर, मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उवा नाहीतच. मग आपल्याला झालं होतं काय?"

कॅशिअरने नोटा मोजायच्या थांबवल्या. शिपाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा राहिला. खरं सांगितलं तर बदनामी धुऊन निघणार होती, चटणीला पुन्हा गिऱ्हाइकं मिळणार होती. फक्त बारा वर्षांचा मातीतला माणूस त्याच मातीत जाणार होता.

सोमशेखरने गोट्यावरून हात फिरवला.

"उवाच होत्या, साहेब," तो म्हणाला. "गावठी होत्या. शहरातल्या डॉक्टरांना वळखू येत न्हाईत."