टायरच्या झोपाळ्याची फत्ते

सकल करदात्या रयतेच्या सेवेसी विज्ञापना ऐसी जे, पृथ्वीवर राज्ये बहुत जाहली आणि बहुत बुडाली. कोणी दाढीवर कर बसविला, कोणी खिडकीवर बसविला, आणि रयतेने पूल बांधिला तर त्यावर नाव मात्र आपले कोरिले. तोच दंडक कॉलनीच्या बागेत चालिला, तो वृत्तांत येणेप्रमाणे.

बागेतील झोपाळ्याची साखळी तुटली. मग उद्यान खात्याचे खासे साहेब जातीने आले आणि दुरुस्ती न करिता 'वापरास मनाई' ऐसा फलक ठोकून माघारी फिरले. ऋतू पालटले, झोपाळा तैसाच राहिला, फलकास मात्र नवा रंग मिळाला. कॉलनीतील एका घरची धाकटी कन्या रोज मातोश्रींस पुसे, "आई, आज उघडलं?" तेव्हा मातोश्रींनी वाट पाहणे सोडून मसलत केली, आणि थोरल्या जावेने जुना टायर दिला, शेजारच्या आजोबांनी दोर दिला, आणि बागेतल्याच झाडाच्या फांदीस झोपाळा चढविला. मातोश्री जात्याच धास्तावलेल्या. गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, मग खुद्द बसल्या. जाऊबाई वदल्या, "अगं, तुला पेललं म्हणजे हत्तीलाही चालेल!" ऐसी तपासणी खात्याने उभ्या जन्मात केली नव्हती.

वर्तमान कळताच साहेब फौजेनिशी चालून आले. फर्मान सुटले जे, बेकायदा झोपाळा तोडावा. परंतु खात्याची शिस्त ऐसी की, जे खात्याचे नाही ते खात्याने तोडू नये. सबब साहेबांनी आधी टायर सरकारजमा केला, त्यावर शिक्का मारिला, आणि मग कोयता मागविला. इतक्यात बागेचे पहारेकरी काका कानाशी लागले, "साहेब, आता ही सरकारी मालमत्ता झाली. तोडली तर गुन्हा आपल्यावरच येतो."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग करायचं काय?"

"उद्घाटन करून टाका."

मग झोपाळ्यापुढे फीत ताणिली, आणि नवा फलक लागला जे, 'खात्याच्या अथक परिश्रमांचे फळ'. साहेब कात्री घेऊन उभे राहिले आणि सरकाराविना लेकरांचे कोणी पाहिले असते, याविषयी बोलू लागले, ते थांबेनात. तोवर कन्या बाजूने शिरून टायरात बसली. "आई, ढकल ना!" मातोश्रींनी गाठ एकवार चाचपिली आणि ढकलिले.

टायर फीत तोडून पार गेला. कात्री साहेबांच्या हाती राहिली. फत्ते जाहली, फलकावर काही लिहिले असो, हकीकत हीच जाणावी.